साहेबाची सुकट

माझ्या हातच्या एका अहवालात एक वाक्य खोटं आहे. अहवाल जुना, नव्वदच्या दशकातला. रोह्याच्या एका कारखान्यासाठी तो केला होता. पेण आणि रोहा इथल्या घराघरांतून निघणारा कचरा जाळला तर किती उष्णता मिळेल आणि तेवढ्या उष्णतेवर कारखान्याला लागणारी वाफ होईल का, हा त्याचा विषय. मी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. उष्णतेचा आकडा मी काढला, तो चुकला, आणि चुकल्याचं खापर मी एका मजूर बाईवर फोडलं. तिचं नाव त्या खोट्या वाक्यात आहे. इथे मी ते लिहीत नाही. माझ्या हातानं ते एकदा कागदावर गेलं, तेवढं पुरे.

तो आकडाही इथे देत नाही. पाठ आहे, पण खोटा आहे हे ठाऊक असताना पुन्हा कशाला लिहायचा.

काम कसं असतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. उष्णता मोजायच्या यंत्राला बॉम्ब कॅलरीमीटर म्हणतात. जाड पोलादाचं एक भांडं. त्यात वाळवून दळलेल्या नमुन्याची चिमूटभर गोळी ठेवायची, ऑक्सिजन भरायचा, भांडं पाण्यात बुडवायचं आणि आत बारीक तारेतून ठिणगी द्यायची. बाहेरचं पाणी किती तापलं त्यावरून नमुन्यात किती उष्णता होती ते कळतं. बायको शेजारणींना सांगायची, आमचे हे कंपनीत बॉम्ब फोडतात, पण आवाज येत नाही. शेजारणी हसायच्या. मलाही ते आवडायचं. कोळसा आणि तेल तपासण्यात माझी वीस वर्षं गेली होती, अहवालावर नाव मात्र नेहमी दुसऱ्या कुणाचं असायचं. कचऱ्याचं काम पहिल्यांदाच संपूर्ण माझ्याकडे आलं होतं.

कचऱ्यात मुख्य गोष्ट पाण्याची. आमच्याकडचा कचरा म्हणजे माशांची खवलं, आमटीभात, भाज्यांची देठं, चुलीतली राख. वजनातला मोठा भाग पाणीच. भट्टीत घातल्यावर आधी ते पाणी उकळून जायला हवं, आणि त्यात कचऱ्याची स्वतःचीच उष्णता खर्च होते. म्हणून नमुना आला की ओव्हनमध्ये घालण्याआधी त्याचं वजन करायचं, पूर्ण वाळल्यावर पुन्हा करायचं, आणि मधलं पाणी शेवटच्या आकड्यातून वजा करायचं. त्यासाठी माझ्या रजिस्टरमध्ये दोन रकाने होते. एकावर लिहिलेलं होतं ‘जसा आला तसा’, दुसऱ्यावर ‘वाळवून’.

नमुने आठवड्यातून दोनदा घ्यायचे. रोह्याचा नमुना जवळचा, तो टेम्पोतून यायचा. पेणचा मी स्वतः आणायचो, कारण मी पेणला राहत होतो आणि आगगाडीनं रोह्याला कामाला जात होतो. गावाबाहेर खाडीच्या अंगाला कचऱ्याची जागा होती. तिथे ठेकेदाराच्या सहा बायका काम करायच्या. ताडपत्रीवर ढीग ओतून फावड्यानं कालवायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून उरलेले दोन पुन्हा कालवायचे. असं करत करत शेवटी डबाभर कचरा उरतो, तो सगळ्या गावाचा नमुना. ही रीत मी त्या बायकांना शिकवली. पाचजणी सांगितलं तेवढं करायच्या. सहावी विचारायची.

ती गडबच्या बाजूच्या एका वाडीतून एसटीनं यायची, बरोबर त्या पाचांतलीच एक, तिची जाऊ, असायची. वय चाळिशीच्या आत. चार भाग तिच्याइतके सारखे कुणाचे होत नसत. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, साहेब, हे नेऊन काय करता? यात किती आग आहे ते मोजतो, असं मी सांगितलं. ती हसायला लागली.

“साहेब, यात जलन्यासारखं असतं तर लोकांनी टाकलं असतं काय?”

मी ते ऐकून सोडून दिलं. पण ती बोलली ते खरं होतं आणि मीही त्याच गावात राहत होतो. आमच्याकडे तेव्हा घरोघरी अंघोळीचं पाणी चुलीवर तापायचं. करवंट्या, नारळाची सोडणं, झावळ्या, फाटके कागद, मोडकी खोकी, सगळं हंड्याखाली जायचं. माझ्या घरीही जायचं. बाहेर पडायचं ते ज्याला आग लागत नाही तेवढंच. ही गोष्ट ती एका वाक्यात बोलली. मी अहवालात तिला एक ओळसुद्धा दिली नाही.

पेणच्या बाजारात एका मुसलमान दुकानदाराकडून मी रिकामे डबे घेतले होते. त्यांचे दोन मुलगे आखातात होते, तिकडून दुधाच्या पावडरीचे मोठे डबे यायचे. डबे छान, पण झाकणं सैल. मे महिन्याची सुरुवात होती. दोन डबे घेऊन मी सकाळच्या गाडीत बसलो. समोर टोपल्या घेऊन चार कोळणी बसल्या होत्या. कासू स्टेशन यायच्या आत वास गाडीच्या डब्याभर पसरला. त्यातल्या एकीनं आपल्या टोपलीत नाक घालून पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

“ओ भाऊ, आमची मासली आजची हाय. तुमच्या डब्यात कोन मेलंय?”

आख्खा डबा हसला. माझ्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता, खिशाला दोन पेनं होती. नागोठण्याला उतरून मी दुसऱ्या डब्यात जाऊन बसलो, तिथेही लोक सरकून बसले.

त्यावर उपाय होता. दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड दोऱ्यानं आवळायचं आणि झाकणाच्या कडेला मेण लावायचं. पद्धतीच्या पुस्तकात तसं दिलेलं आहे, मला ते माहीत होतं. पण त्याला वेळ लागतो, आणि मी चिडलेला होतो. पुढच्या खेपेला कचऱ्याच्या जागेवर गेलो तेव्हा तिला म्हणालो, “हे बघा बाई, नमुना डब्यात भरायच्या आधी दिवसभर ताडपत्रीवर उन्हात पसरा. वास गेला की भरा. मी दुसऱ्या दिवशी येऊन नेईन.”

तिनं मान हलवली. उन्हात पसरणं तिला शिकवायची गरज नव्हती. खाडीकाठी मासळी वाळवतात तशी ती कचरा पसरायची, दुपारी पलटायची, कावळे हाकायची. बाकीच्या बायकांना खेळ मिळाला. “चला गो, साहेबाची सुकट पलटायला,” असं एकमेकींना म्हणायच्या. ठेकेदाराचा मुकादमही म्हणायला लागला. वास गेला. गाडीत कुणी माझ्याकडे बघेनासं झालं.

प्रयोगशाळेत डबा आला की मी वजन करायचो आणि ‘जसा आला तसा’ या रकान्यात लिहायचो. आता तो वाळूनच येत होता. ओव्हनमध्ये फारसं काही उडायचं नाही. पाण्याचा आकडा खाली आला, उष्णतेचा वर गेला. माझे साहेब, म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, एक दिवस स्वतः प्रयोगशाळेत आले आणि रजिस्टर बघून माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

मला तेव्हा खरंच कळलं नव्हतं का, हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की त्याचं उत्तर गुळगुळीत झालं आहे. पहिले दोन-तीन आठवडे कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकतो. त्यानंतर नाही. कारण त्यानंतर तिनं विचारलं. ती ताडपत्रीवर उकिडवी बसून डबा भरत होती आणि मी उभा होतो.

“साहेब, तिकडं भट्टीत पन असाच सुकवून घालनार काय? एवढं अंगन कुठं हाय?”

जाऊ हसली. मुकादम हसला. मी हसलो नाही. भट्टीत जायचा होता तो ओला कचरा, गाडीतून थेट. मी मोजत होतो तो सुका. त्या दिवशी गाडीत मी डबा मांडीवर घेऊन बसलो आणि रोहा येईपर्यंत मनात उलटसुलट करत राहिलो. उतरताना माझं ठरलेलं होतं. रकान्याचं नाव ‘जसा आला तसा’. माझ्याकडे तो तसाच येतो. मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

अहवाल गेला. त्यावर माझं नाव होतं.

भट्टी आणि बॉयलर उभा राहायला वर्ष गेलं. त्या वर्षात एक गोष्ट झाली जी मला त्या वेळी फार महत्त्वाची वाटली नाही. कचरा निवडायला कायमच्या बायका लागतील आणि पेणच्या त्या सहाजणींना आधी घेऊ, असं ठेकेदारामार्फत त्यांना सांगितलं गेलं. कायम म्हणजे कंपनीचं कार्ड, कंपनीची साडी, आठवड्याची सुट्टी. आपण सुकट पलटली ती त्याच्यासाठीच, असं त्या धरून चालल्या होत्या.

चाचणीच्या दिवशी पेण-रोह्याच्या कचरागाड्या रिकाम्या झाल्या आणि भट्टी भरली. आत फसफस सुरू झाली. पांढरी वाफ धुराड्यातून वर गेली, बॉयलरचा काटा जागचा हलला नाही. लाकडं घातली, मग तेल ओतलं. तेल होतं तोवर जळलं. भट्टीवरचा जुना माणूस घाम पुसत मला म्हणाला, “साहेब, ही भट्टी कचरा नाय जाळत, कचऱ्याला आंघोळ घालते.” तीन दिवस खटपट चालली. चौथ्या दिवशी व्यवस्थापकांनी मला बोलावलं. टेबलावर माझा अहवाल होता, पाण्याच्या आकड्याखाली तांबडी रेघ.

त्यांनी विचारलं, पेणच्या नमुन्यांत पाणी इतकं कमी कसं? मी म्हणालो, नमुने वाळलेले आले. कोणी वाळवले? इथे मी थांबलो. फार नाही. एखाद्यानं चष्मा पुसावा तेवढा वेळ. मग म्हणालो, तिथल्या मजूर बाईनं.

ते म्हणाले, लेखी द्या.

मी माझ्या टेबलावर येऊन लिहिलं: सदर महिला मजुराने, सूचना नसताना, नमुने परस्पर उन्हात वाळवले. पुढे तिचं नाव. ‘परस्पर’ हा शब्द पहिल्या मसुद्यात नव्हता. वाचून पाहिलं तेव्हा वाक्य लंगडं वाटलं, म्हणून मी तो घातला. आजही वर्तमानपत्रात कुठे तो शब्द दिसला की माझी नजर त्याच्यावरून उडी मारून पुढे जाते.

भट्टीचं काम थांबवलं गेलं. सहा बायकांपैकी कुणालाच कार्ड मिळालं नाही. पाचजणी ठेकेदाराकडे राहिल्या, तिला मुकादमानं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं. कागदावर आहे म्हणाला.

आठवड्याभरात ती माझ्या घरी आली. रविवारची सकाळ होती. दार बायकोनं उघडलं. आत ये म्हणाली तरी ती पायरीखालीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, नोकरीचं जाऊ दे, पण बाकीच्या पाचजणी तिच्याशी बोलत नाहीत. त्यांची कार्डं तिच्यामुळे गेली म्हणतात. तिची जाऊ तिच्या शेजारी एसटीत बसत नाही.

“तुमी एकदा मुकादमाला सांगा, साहेब. मी माझ्या मनानं नाय केलं, तुमी सांगितलं व्हतं. एवढंच सांगा.”

बायको माझ्या मागे उभी होती. मी म्हणालो, “मला आता नक्की आठवत नाही, बाई.”

तिनं माझ्याकडे बघितलं. कालवलेल्या ढिगाकडे, चारी भाग सारखे झाले का हे बघायला ती जशी बघायची, तसंच. मग म्हणाली, “बरं.” आणि गेली.

बायकोनं दार लावलं आणि खरंच आठवत नाही का, असं विचारलं. मी म्हणालो, नाही आठवत. त्यानंतर तिनं बॉम्बची थट्टा कधी केली नाही. बायकोला जाऊन आता सात वर्षं झाली. हे तिलाही सांगायचं राहिलं.

ते ‘बरं’ मात्र घरातून गेलं नाही. न्हाणीच्या चुलीत ओलं लाकूड सुसकारलं की मला ते ऐकू यायचं. पुढे चूल गेली, गॅस आला, तरी पाणी उकळायला लागायच्या आधी भांडं जो बारीक आवाज करतं त्यात मला ते ऐकू येई. मे महिन्यात खाडीकडच्या रस्त्यानं जाणं मी सोडलं, कारण तिथे कडेला मासळी वाळत घातलेली असते आणि कुणी ना कुणी बाई उकिडवी बसून ती पलटत असते. दुपारी डोळा लागला की एक स्वप्न पडतं. मी ताडपत्रीवर ढीग कालवतो, चार भाग करतो, समोरासमोरचे दोन टाकतो, पुन्हा कालवतो. ढीग कमी कमी होत जातो. शेवटच्या डबाभर कचऱ्यात बांगड्या घातलेला एक हात असतो, तो अजून काम करत असतो. मी डब्याचं झाकण लावायला जातो आणि ते सैल आहे.

पेणच्या स्टेशनवर ती मला अनेकदा दिसली. म्हणजे ती नव्हती. डोक्यावर डबा घेतलेली कुठलीही बाई पाठमोरी चालत असली की मी प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला जायचो. अशी मी पंचवीस-तीस वर्षं काढली आणि त्याला नोकरी, संसार, निवृत्ती अशी नावं दिली.

गेल्या दिवाळीनंतर एक इंजिनिअर बाई माझा पत्ता शोधत आल्या. पन्नाशीच्या, बोलायला नेमक्या. कचऱ्यातून ऊर्जा मिळवायचा विचार पुन्हा चालू आहे, जुनं काम कुठे झालं होतं ते त्या बघत होत्या. आता कचरा बदलला आहे म्हणाल्या. घरोघरी गॅस आला, त्यामुळे करवंट्यासुद्धा कचऱ्यात येतात, आणि प्लास्टिक तर विचारू नका. त्यांच्या पिशवीत माझ्या अहवालाची झेरॉक्स होती. शेवटच्या पानावर माझं ते पत्र जोडलेलं. त्यांनी तिच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, “काका, ह्या बाई कोण? नमुने वाळवले ह्यांनी? की कुणी वाळवायला सांगितले होते?”

इतक्या वर्षांत हे मला विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी म्हणालो, मी सांगितले होते. त्यांनी मान वर केली. मी त्यांच्यासमोरच एका कोऱ्या कागदावर दुरुस्ती लिहून, सही करून दिली. अहवालाला जोडते म्हणाल्या. पाण्याचा आकडा वापरणार नाही हेही सांगितलं.

तो कागद ती वाचणार नव्हती. म्हणून दोन दिवसांनी मी गडबचं तिकीट काढलं.

वाडी हमरस्त्यावरून आत, शेताच्या बांधानं चालत. घर विचारत गेलो. ओटीवर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. मी तिला ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. “साहेब ना तुमी? सुकटवाले?” ती तिची जाऊ होती. मी त्या बाईचं नाव घेतलं, आहे का म्हणून विचारलं. सुपातला हात थांबला. चार वर्षं झाली म्हणाली. तापानं गेली.

मी सामान पोचवायला आल्यासारखा उभा होतो. जावेनं बसा म्हटल्यावर बसलो. मग जे तिला सांगायचं होतं ते जावेला सांगितलं. उन्हात पसरायला मीच सांगितलं होतं. तिनं मनानं काही केलं नाही. कागदावर मी खोटं लिहिलं.

जावेनं सूप बाजूला ठेवलं.

“तिनं सांगितलं व्हतं आमाला,” ती म्हणाली. “मी पन तिथंच व्हते, मी पन ऐकलं असंल. पन कागद निघाला तसं मला वाटलं, मलाच चुकीचं आठवतंय. शिकलेला मानूस कागदावर खोटं कशाला लिवंल, असं आमी म्हनलं. तिला पन तेच म्हनलं. मरंपर्यंत म्हनलं.”

उठून बांधाची वाट धरावी असं वाटलं, हेही लिहून ठेवतो. तेवढ्यात आतून एक म्हातारा काठी टेकत ओटीवर आला. मी जिच्यासाठी आलो होतो तिचा नवरा. जाऊ त्याला हातानं खुणा करून काही सांगू लागली, मग थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “मी नाय सांगत. तुमच्या तोंडानं सांगा. मोठ्यानं बोला, त्यांना ऐकू येत नाय.”

मी बोललो. त्यानं कानाला हात लावला. मी आणखी मोठ्यानं बोललो. समोरच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या, बाजूच्या पडवीतला माणूस जाळं विणायचा थांबला. ऐंशीच्या घरातला मी, शहाण्यासारखा स्वच्छ शर्ट घालून, त्या ओटीवरून ओरडून सांगत होतो की मी सांगितलं होतं, मी, तिनं तिच्या मनानं काही केलं नाही, मी खोटं लिहिलं.

म्हाताऱ्याला या खेपेला ऐकू गेलं. तो खांबाला धरून खाली बसला.

“मंग ती बोलायची ते खरं,” तो म्हणाला.

“खरं.”

“मी तिला गप बस म्हनायचो. त्या गोष्टीचं नाव काढलं की गप बस.” त्यानं जावेकडे बघितलं. “पोरीला बोलव. तिला पन ऐकू दे.”

तिची मुलगी त्याच वाडीत, दोन घरं सोडून दिलेली होती. पदराला हात पुसत आली. आईसारखीच, कपाळ तेच. जावेनं तिला पाट दिला. तिनं तो पायानं बाजूला सरकवला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“उभ्यानं ऐकते,” म्हणाली. “सांगा.”